१९६८ ची मस्टँग: पॉवर स्टिअरिंग काढून मॅन्युअल करावे का?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६८ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप आहे. ३०२ घनइंची व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक आणि कारखान्यातूनच बसवून आलेले पॉवर स्टिअरिंग, अशी ती आहे. डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर असते आणि थंडीत गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे मी तिला दरवर्षी नेतो.

अडचण स्टिअरिंगची आहे. गाडीखाली लाल तेलाचा डाग कायमचा झाला आहे. होसपाइप बदलून झाले आणि कंट्रोल व्हॉल्व्ह एका दुकानातून दोनदा दुरुस्त करून घेतला, तरी एका हंगामात तेल पुन्हा टपकू लागते. गळतीपेक्षा मला जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. ताशी ६० मैलांवर सरळ रस्त्यावरून जातानासुद्धा हात सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करावे लागतात, आणि पुढची चाके रस्त्यावर काय करत आहेत याचा काहीही निरोप हातापर्यंत येत नाही. म्हणून पंप, होस, व्हॉल्व्ह, सिलिंडर हे सगळे काढून साधे मॅन्युअल स्टिअरिंग करावे, असे मनात घोळते आहे.

अंदाज यावा म्हणून मागच्या आठवड्यात पंपाचा पट्टा काढला आणि दिवसभर गाडी तशीच चालवली. चालत्या गाडीत ठीक वाटले, पण किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी आत घेताना खांदे भरून आले. माझी पत्नीही ही गाडी चालवते. तिला उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताच आले नाही. हेच मॅन्युअल स्टिअरिंग असेल, तर तो विचार इथेच सोडावा लागेल. ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तेरा_नंबर_पाना

आपण पट्टा काढून जे चालवलेत ते मॅन्युअल स्टिअरिंग नव्हे. ते बंद पडलेले पॉवर स्टिअरिंग होते. या दोन्हींत मोठा फरक आहे आणि बरेच जण नेमके याच चाचणीवरून चुकीच्या निर्णयावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळच्या मस्टँगमध्ये पॉवर स्टिअरिंगचे काम स्टिअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टिअरिंगचा फेरा पुढच्या चाकांकडे पोहोचवणाऱ्या दातेरी पेटीच्या, आत होत नाही. बॉक्स साधाच, यांत्रिक असतो. त्याच्या खालून येणारा पिटमन आर्म एका बॉल स्टडने कंट्रोल व्हॉल्व्हला जोडलेला असतो आणि तो व्हॉल्व्ह सेंटर लिंकच्या, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना वळवणाऱ्या मधल्या आडव्या दांड्याच्या, टोकाला बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवले की तो बॉल स्टड आधी व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे तेलाची वाट बदलणारा दट्ट्या, किंचित सरकवतो. स्पूल सरकला की पंपाचे तेल सिलिंडरच्या एका बाजूला जाते, आणि एका टोकाला चेसिसच्या कंसाला धरलेला तो सिलिंडर सेंटर लिंकला त्या दिशेने ढकलतो. म्हणजे मदत मिळण्यासाठी आधी थोडी हालचाल वाया जावीच लागते, आणि सरळ रस्त्यावर आपल्या हाताला जो निर्जीवपणा जाणवतो त्यातला बराचसा भाग तिथेच आहे.

आता पट्टा काढला म्हणजे काय होते ते पाहा. स्पूलची वाया जाणारी हालचाल तशीच राहते. सिलिंडरमधले तेल इकडून तिकडे तुम्हालाच हाताने ढकलावे लागते. आणि मुख्य मुद्दा असा की पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत फोर्डने १६:१ प्रमाणाचा जलद बॉक्स दिला होता, तर साध्या मॅन्युअल गाडीत २०:१ च्या आसपासचा (आकडा जितका मोठा, तितके फेरे जास्त आणि जोर कमी). आपण जलद बॉक्स, तेलाचा अडथळा आणि व्हॉल्व्हमधली ढिलाई, असे तिन्ही एकाच वेळी सोसलेत. कारखान्यातून मॅन्युअल म्हणून निघालेली १९६८ ची मस्टँग चालवायला मिळाली, तर हे बोलणे लगेच पटेल.

बदलायच्या वस्तू अशा: सेंटर लिंक मॅन्युअलची वेगळी असते, कारण तिला व्हॉल्व्ह आणि सिलिंडर धरायची सोय नसते. पिटमन आर्म वेगळा असतो. सेंटर लिंकचे दुसरे टोक धरणारा आयडलर आर्मही मॅन्युअलच्याच यादीतला घ्यावा, "दिसायला सारखा आहे" म्हणून जुना ठेवू नये. सुटे भाग मागवताना वर्ष, इंजिन आणि मॅन्युअल की पॉवर, हे तिन्ही दुकानदाराला सांगावे. बॉक्सच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी चकती असते, तिच्यावरच्या अक्षरांवरून प्रमाण कळते. ती शाबूत आहे का ते आधी पाहा. एवढ्या वर्षांत कोणी बॉक्स बदलला असेल, तर मूळ माहितीवर विसंबून चालणार नाही.

तुमची गाडी १९६८ ची आहे हे एका परीने फार बरे. १९६७ पर्यंतच्या मस्टँगमध्ये स्टिअरिंगचा लांब दांडा थेट बॉक्सलाच जोडून आलेला असतो, त्यामुळे बॉक्स काढणे हे दिवसभराचे झटापटीचे काम होते. जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत धडकेत दबणाऱ्या स्टिअरिंग कॉलमचा नियम लागू झाला. १९६८ च्या मॉडेलला तो कॉलम आला आणि बॉक्स व कॉलम यांच्यामध्ये कापडी-रबरी जोड आला. तो सोडवला की बॉक्स खालून निघतो.

सातारकर

मी अमेरिकन गाडी कधी चालवलेली नाही, पण मॅन्युअल स्टिअरिंगवरच वाढलो आहे, म्हणून एक अनुभवाची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती आणि वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितले होते की, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचे नाही. गाडी अगदी पाऊलभर पुढे किंवा मागे सरकती ठेवायची आणि त्या सरकण्यातच चाक वळवायचे. पोवई नाक्यावरच्या गर्दीतही आई ती गाडी सहज लावत असे. तिच्या मनगटात काही वेगळे बळ नव्हते, तिला ती सवय होती इतकेच. पद्मिनी मस्टँगपेक्षा खूप हलकी आणि तिचे टायर अरुंद, हे मला मान्य आहे, पण टायर फिरत असताना वळवणे आणि जागच्या जागी जमिनीवर घासत वळवणे यांतला फरक सगळ्या गाड्यांना सारखाच लागू पडतो. पॉवर स्टिअरिंगवर शिकलेल्या माणसाला ही सवय नसते. वहिनींना एक-दोन दिवस मोकळ्या मैदानात सराव करू द्यावा आणि मगच त्यांचे मत विचारावे, असे मी सुचवेन.

टॉर्शन_बार

मी हा बदल १९७० च्या डॉज चॅलेंजरवर केला आहे. ३८३ चे जड इंजिन आहे. जे चुकले ते आधी सांगतो.

डॉज ही क्रायस्लरचीच. क्रायस्लरच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा व्हॉल्व्ह बॉक्सवरच असतो, म्हणून तिथे सगळा बॉक्सच बदलावा लागतो. मॅन्युअल बॉक्स दोन प्रमाणांत मिळत असे, १६:१ आणि २४:१. मला चपळ गाडी हवी होती, म्हणून १६:१ घेतला. वर हौसेने १४ इंच व्यासाचे छोटे स्टिअरिंग चाकही बसवले. चालत्या गाडीत तो अनुभव अप्रतिम होता, घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर तर विशेषच. पण दोन महिन्यांत लक्षात आले की गाडी बाहेर काढण्यापूर्वी मी मनात पार्किंगचा विचार करू लागलो आहे, आणि जिथे गाडी उलटी लावावी लागेल तिथे तिला न्यायचे टाळू लागलो आहे. शेवटी २४:१ चा बॉक्स बसवला. आता स्टिअरिंगला पुष्कळ फेरे मारावे लागतात आणि अचानक घसरलेली गाडी सावरायला हात वेगाने चालवावे लागतात, पण ती मी आनंदाने बाहेर काढतो.

आणखी एक गोष्ट. त्या बॉक्सचा साइज वेगळा असल्यामुळे कॉलमचा दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये अंतर पडते. त्यासाठी जोडतुकडा मिळतो. तो आधी मागवला नव्हता, म्हणून गाडी तीन आठवडे जॅक स्टँडवर उभी राहिली. क्रायस्लरवाल्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय सेक्टर शाफ्ट, म्हणजे पिटमन आर्म ज्यावर बसतो तो दांडा, काही बॉक्सवर सव्वा इंची आणि काहींवर सव्वा इंचाहून एक अष्टमांश इंच बारीक असतो, त्यानुसार पिटमन आर्म बदलतो.

मिशिगनकर

फार उपयुक्त माहिती मिळाली. पाना, आपण लिहिलेले वाचून गाडीखाली गेलो. चकती आहे, आणि अक्षरे पुसट असली तरी बॉक्स १६:१ चाच असल्याचे खात्रीने कळले.

आता प्रश्न असा की केवळ सेंटर लिंक, पिटमन आणि आयडलर बदलून हाच १६:१ चा बॉक्स ठेवावा का? खर्चही वाचेल आणि फेरेही कमी राहतील. माझ्या गाडीवर मूळ १६ इंची स्टिअरिंग चाकाऐवजी आधीच्या मालकाने बसवलेले १४ इंची लाकडी चाक आहे. पुढचे टायर २३५/६०-१५, म्हणजे २३५ मिलीमीटर रुंद आणि १५ इंची रिमचे, आहेत.

तेरा_नंबर_पाना

हिशेब साधा आहे. २०:१ ऐवजी १६:१ म्हणजे हाताला लागणारा जोर सव्वापट. १६ इंची चाकाऐवजी १४ इंची म्हणजे तरफेचा हात कमी झाला, त्यामुळे जोर आणखी सुमारे १४ टक्के जास्त. दोन्ही एकत्र केले की कारखान्याच्या मॅन्युअल मस्टँगपेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त जोर लागतो. त्यावर २३५ चा रुंद टायर. त्या काळी या गाडीला १४ इंची रिमवर बरेच अरुंद टायर येत असत. तेव्हा पत्नीनेही गाडी चालवावी असे वाटत असेल, तर २०:१ चा बॉक्स घ्या, १६ किंवा किमान १५ इंची स्टिअरिंग चाक बसवा आणि पुढे २०५ किंवा २१५ चे टायर घाला. हवा ३२ ते ३५ पीएसआय ठेवा. टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा कमी असली, तरी ती मॅन्युअल स्टिअरिंगमध्ये लगेच हाताला कळते.

जलद बॉक्सची हौस समजू शकतो. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मध्ये पिटमन आणि आयडलर आर्म मुद्दाम लांब देऊन मॅन्युअल स्टिअरिंग जलद केले होते. पण ती गाडी शर्यतीसाठी बांधलेली होती.

आता कास्टरविषयी. या एका कोनाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगले सुटे भाग घालूनही लोक निराश झालेले मी पाहिले आहेत. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहिला असता मागे झुकलेला असतो, तो झुकाव म्हणजे कास्टर. सायकलच्या पुढच्या फोर्कचा तिरपेपणा आठवा, तेच तत्त्व. झुकाव जास्त असला की चाक आपोआप सरळ व्हायला पाहते, गाडी सरळ रस्त्यावर ठाम चालते, पण वळवायला जोर जास्त लागतो. त्या काळच्या बायस-प्लाय (जुन्या बांधणीच्या) टायरसाठी फोर्डने कास्टर शून्याच्या जवळपास ठेवलेला होता. आजच्या रेडियल टायरना त्याहून जास्त लागतो. पॉवर स्टिअरिंगवाले तीन अंश किंवा त्याहून जास्त कास्टर ठेवतात आणि पंप तो भार उचलतो. मॅन्युअलसाठी दीड ते दोन अंश पुरे. आपण ६० मैलांवर हात हलवत राहता असे लिहिलेत, त्यामुळे मला दाट शंका आहे की आपली गाडी अजून जुन्या आकड्यांवरच आहे. १९६७ पासूनच्या मस्टँगमध्ये कास्टर स्ट्रट रॉडच्या नटांनी आणि कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर झुकाव, खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टने जुळवतात. एक्सेंट्रिक म्हणजे ज्याचा माथा मध्यापासून सरकलेला असतो तो. अलाइनमेंटच्या दुकानात आकडे लिहूनच द्या, कारण त्यांच्या संगणकात त्या वर्षाचेच जुने आकडे असतात.

निळी_शेव्हेल

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. माझ्याकडे १९६९ ची शेव्हेल आहे, ३९६ इंजिनाची. मी बरोबर हाच विचार केला होता आणि शेवटी पॉवर स्टिअरिंगच ठेवले. त्याचे मला समाधान आहे.

सगळा दोष पॉवर स्टिअरिंगवर टाकण्याआधी जोडांची झीज पाहावी. गाडीचे वजन चाकांवरच राहू द्या, कोणाला तरी स्टिअरिंग दोन इंच डावीकडे, दोन इंच उजवीकडे असे हलवत राहायला सांगा आणि तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन खाली पाहा. जो जोड हलतो पण पुढचा भाग हलवत नाही, तो झिजलेला. टाय रॉड एंड, आयडलर, खालचा बॉल जॉइंट आणि कापडी-रबरी जोड, या क्रमाने पाहत जा. पन्नास वर्षे जुन्या गाडीत यांतला एखादा तरी सापडतोच.

दुसरे, मस्टँगच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये टोकाच्या झाकणाखाली स्पूल मध्यावर आणणारा नट असतो. तो नीट बसवला नसेल तर इंजिन सुरू करताच स्टिअरिंग एका बाजूला ओढते. तो ठरलेल्या जोरापर्यंत आवळून पाव फेरा सैल करायचा असतो. दुरुस्ती करणाऱ्याने पाव ऐवजी अंदाजे फिरवला, तर नवीन सील घालूनही गाडी भटकतेच. ज्याने दोनदा दुरुस्ती केली त्याने हे पाहिले होते का?

त्या काळी स्टिअरिंग इतके हलके का ठेवले, यालाही कारण आहे. १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत पहिल्यांदा विक्रीसाठी पॉवर स्टिअरिंग आणले. त्याची मूळ कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२० च्या दशकातच गाडीवर चालवून दाखवली होती. पुढच्या वीस वर्षांत शोरूममध्ये गिऱ्हाईक एका बोटाने स्टिअरिंग फिरवून पाहत असे आणि तेवढ्यावर खूश होत असे. रस्त्याचा निरोप हाताला यावा ही मागणी नंतरची. म्हणून आज ज्यांना तो हलकेपणा नको आहे, त्यांच्यासाठी जीएमच्या (म्हणजे माझी शेव्हेल बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) पंपातला दाब कमी करता येतो, क्रायस्लरचे बॉक्स जास्त घट्ट जुळवून मिळतात आणि मस्टँगसाठी व्हॉल्व्ह-सिलिंडरचे सगळे लटांबर काढून एकाच बॉक्समध्ये मदत देणारा आधुनिक बॉक्सही मिळतो. माझ्या शेव्हेलमध्ये मी नवीन जलद पॉवर बॉक्स घातला, कास्टर वाढवला, आणि मला हवे होते ते मिळाले. जीएममध्ये मॅन्युअलकडे जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की बॉक्सचा शाफ्ट बारीक असल्यामुळे पिटमन आर्म आणि कापडी जोड दोन्ही बदलावे लागतात.

टॉर्शन_बार

शेव्हेलवाल्यांचे पहिले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. झिजलेल्या जोडांवर मॅन्युअल बॉक्स बसवला, तर गाडी जड होईल आणि भटकायचीही थांबणार नाही. पण दुसऱ्या म्हणण्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. दाब कमी केलेला पंप हाताला जो जडपणा देतो, तो पंपाचा असतो. टायर पकड सोडू लागतो त्या क्षणी मॅन्युअल स्टिअरिंग हातात अचानक हलके होते, आणि पावसाळी रस्त्यावर ती सूचना मला दोन वेळा वाचवून गेली आहे. तो निरोप मला दुसऱ्या कशात सापडला नाही.

मिशिगनकर

काल संध्याकाळी मुलाला स्टिअरिंगवर बसवले आणि मी टॉर्च घेऊन खाली गेलो. आयडलर आर्मचे रबर पूर्ण खाल्ले गेले होते. स्टिअरिंग हलवले की आयडलर आधी वर-खाली होत होता आणि मग सेंटर लिंक सरकत होती. व्हॉल्व्हच्या बॉल स्टडमध्येही स्पष्ट ढिलाई होती. धुळीचे रबर फाटले होते आणि आतून तेल व माती यांचा काळा चिखल बाहेर येत होता. डोळ्यांनी पाहिल्यावर एवढी वर्षे हात का हलवत होतो ते कळले.

मग दोन्ही बाजूंचे हिशेब मांडले. व्हॉल्व्ह, आयडलर, होस पुन्हा नवे घ्यावे लागणार होते, आणि पुढच्या हंगामात तेल पुन्हा गळणार नाही याची हमी कोणी देत नव्हते. आधुनिक पॉवर बॉक्स चांगला आहे, पण मला पंप आणि होसच नको आहेत. पत्नीशी बोलणे झाले. तिचे म्हणणे असे की सातारकरांनी सांगितले तशी सवय करून पाहायला ती तयार आहे. २०:१ चा बॉक्स, मॅन्युअल सेंटर लिंक, पिटमन आणि बेअरिंगचा आयडलर आर्म मागवला आहे. जुने १६ इंची चाकही एका जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाले. काम थंडीत करेन. करताना काय सांभाळावे ते सांगा.

तेरा_नंबर_पाना

पिटमन आर्म काढायला त्यासाठीचाच पुलर भाड्याने आणा. हातोड्याने सेक्टर शाफ्टवर ठोकू नका, आतली बेअरिंग आणि दाते त्याने खराब होतात आणि ते पुढे सहा महिन्यांनी कळते. पिटमनचा नट फार घट्ट असतो, तो गाडी वर घेण्याआधीच थोडा सैल करून ठेवता आला तर उत्तम.

नवा बॉक्स बसवण्याआधी हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. बॉक्सची घट्ट जागा मध्यावरच असते. चाके सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल, तर सरळ रस्त्यावर कायम ढिलाई जाणवेल आणि ती कोणत्याही स्क्रूने जाणार नाही. वरच्या जुळवणीच्या स्क्रूचा मोह टाळा. ढिलाई वाटली की लोक तो आवळतात आणि दाते खातात. आधी वर्म शाफ्टच्या (स्टिअरिंगकडून बॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची जुळवणी, मग सेक्टरची, आणि तीही पिटमन आर्म सोडवलेला असताना, हा क्रम आहे.

कासल नटमध्ये, म्हणजे माथ्यावर खाचा असलेल्या नटमध्ये, स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट आणखी पुढे आवळून पुढची खाच जुळवायची. मागे सैल करून जुळवायची नाही. स्टिअरिंगच्या जोडात हा नियम मोडू नये.

निळी_शेव्हेल

काढलेले सर्व भाग, पंपाचा कंस आणि पुलीसह, नीट बांधून चिठ्ठ्या लावून ठेवा. गाडी कधी विकायची झाली तर मूळ पॉवर स्टिअरिंग परत बसवता येते हे दाखवणे उपयोगी पडते.

मिशिगनकर

एप्रिल सरत आला आणि काम पूर्ण झाले, म्हणून धागा पुन्हा वर आणतो.

बॉक्स काढायला एक शनिवार लागला. सेंटर लिंक आणि आयडलर बसवायला एक रविवार. पिटमनचा नट सुटेना, तेव्हा वेल्डिंगच्या दुकानातून पाइपचा लांब तुकडा आणून पान्याला जोडला आणि मग तो सुटला. पंपाला स्वतंत्र पट्टा होता, त्यामुळे अल्टरनेटरच्या पट्ट्याला हात लावावा लागला नाही. क्रँक पुलीची एक खाच आता मोकळी राहिली आहे, एवढेच. अलाइनमेंटवाल्याला आकडे कागदावर लिहून दिले: कास्टर पावणेदोन अंश, टो-इन (पुढच्या चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या ठेवणे) एक अष्टमांश इंच. त्याने आधीचा कागद छापून दिला, त्यात डावीकडचा कास्टर जवळपास शून्य आणि उजवीकडचा अर्धा अंश होता. पाना, आपली शंका खरी ठरली.

पूर्वी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेचार फेरे होते, आता पावणेपाचच्या जवळ झाले आहेत. काटकोनातल्या वळणावर हात जास्त फिरवावे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मी दोनदा वळण रुंद घेतले. पण ६० मैलांवर गाडी आता नुसती धरून ठेवावी लागते. रस्त्यात डांबराची पट्टी आली की ती हाताला कळते. काल हलका पाऊस झाला तेव्हा एका वळणावर चाक हातात थोडे हलके झालेले जाणवले, मी पाय उचलला आणि ते पुन्हा भरले. टॉर्शन बार यांनी लिहिले होते ते मला त्या वेळी कळले.

पत्नीने मागच्या रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव केला. पहिल्या पाच मिनिटांत ती सवयीने उभ्या गाडीतच चाक फिरवायला जात होती, मग ब्रेक जरासा सोडून गाडी सरकती ठेवायला शिकली. घरी आल्यावर तिने गाडी गॅरेजमध्ये उलटी लावली. एका फटक्यात नाही, मध्ये एकदा पुढे घ्यावी लागली.

सातारकर

वाचून फार आनंद झाला. वहिनींना सांगा की उलटी लावताना चाक सरळ करायला गाडी थांबायच्या आधीच सुरुवात करायची, म्हणजे मध्ये पुढे घ्यावी लागणार नाही.

मिशिगनकर

सांगितले. आज संध्याकाळी करून पाहते म्हणाली.